रेड हाउस, बेक्सलीहीथ : विटांच्या एका घराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला आलेल्या पाहुण्यांना मी बिग बेन झाल्यावर हटकून आग्नेयेकडच्या बेक्सलीहीथला नेतो. तिथे एक विटांचे घर आहे. जाताना "घरच बघायला एवढ्या लांब?" असा कुरकुरीचा सूर असतो आणि येताना गाडीत प्रश्न थांबत नाहीत. प्रश्न बहुतेक तेच ते, म्हणून उत्तरे एकदाची लिहून काढली.

हे घर कुणाचे? कुणी बांधले?

विल्यम मॉरिसचे. भिंतींचे कागद, छापील कापड, विणकाम, कविता, समाजवादी राजकारण आणि शेवटी सुंदर पुस्तकांची छपाई, एवढ्या सगळ्यात हात घातलेला माणूस. पण हे घर बांधायला काढले तेव्हा तो यापैकी जवळजवळ काहीच नव्हता. वय २५, एप्रिल १८५९ मध्ये जेन बर्डनशी लग्न झालेले, आणि वडिलांनी घेतलेल्या डेव्हन परगण्यातल्या तांब्याच्या खाणींच्या समभागांवर बरे उत्पन्न. पुढे भांडवलशाहीवर तुटून पडलेल्या माणसाचे पहिले घर खाणीच्या पैशांतून उभे राहिले, हे मी पाहुण्यांना मुद्दाम सांगतो.

वास्तुरचनाकार फिलिप वेब, वय २८. ऑक्सफर्डला जॉर्ज एडमंड स्ट्रीट या नामांकित वास्तुरचनाकाराच्या कचेरीत दोघांची गाठ पडली होती. मॉरिस तिथे काही महिनेच टिकला, मैत्री मात्र जन्मभर टिकली. १८५८ मध्ये हे दोघे आणि त्यांचा मित्र चार्ल्स फॉकनर फ्रान्समध्ये सेन नदीतून होडी वल्हवत निघाले होते. त्या सफरीत घराचा विषय निघाला आणि वेबने प्रवासी नकाशाच्या पाठीवर पहिले रेखाटन केले असे सांगतात. स्वतंत्रपणे हाती घेतलेले वेबचे हे पहिलेच घर. खर्च सुमारे ४,००० पौंड. जून १८६० मध्ये मॉरिस जोडपे राहायला आले.

'लाल घर' एवढे साधे नाव का?

कारण तेव्हा वीट दिसू देणे ही साधी गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधली ऐपतदार माणसे विटांची भिंत बांधून तिच्यावर गिलावा करत. मग त्या गिलाव्यावर दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढून घर चिरेबंदी असल्याचा आव आणत. लंडनची नेहमीची वीट तर पिवळट, धुराने काळवंडणारी. वेब आणि मॉरिस यांनी भिंती उघड्या लाल विटांच्या ठेवल्या, वर छपराला लालच कौले घातली आणि नावही तेच ठेवले. आज इंग्लंडभर लाल विटांची इतकी घरे दिसतात की यात काय नवल, असे वाटते. १८६० मध्ये आजूबाजूच्या पांढऱ्या बंगल्यांमध्ये हे घर कसे दिसले असेल, ते मनात आणून पाहावे लागते.

विटांवर कर होता, हे खरे का?

हो. १७८४ पासून इंग्लंडमध्ये विटांवर कर होता, तोही नगावर. त्यामुळे काही भट्टीवाले विटा मोठ्या पाडू लागले, म्हणजे तेवढ्याच भिंतीला कमी नग लागावेत. सरकारने मग मोठ्या विटांवर जास्त कर लावला. हा सारा खेळ १८५० मध्ये कर उठल्यावर संपला. खिडक्यांवरचा कर पुढच्याच वर्षी, १८५१ मध्ये गेला. रेड हाउसचा पाया खणला गेला तो त्यानंतर आठ वर्षांनी. भरपूर वीट आणि भरपूर खिडक्या असलेले हे घर वीस वर्षे आधी काढले असते, तर खिशाला आणखी मोठी चाट बसली असती.

फाटकातून आत शिरल्यावर आधी काय पाहायचे?

खिडक्या. बाकी सगळे नंतर.

समोरून पाहिले तर एकाही खिडकीचा दुसरीशी मेळ नाही. कुठे उंच आणि अरुंद, कुठे जोडीने, कुठे तिघी मिळून, आणि वरच्या मजल्यावरच्या बोळाला तर चक्क गोल. त्या काळातल्या सभ्य घराला मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या, वरच्या मजल्यावर खालच्यांच्या बरोबर डोक्यावर खिडक्या, अशी शिस्त असे. आत खोली कोणती आहे याच्याशी त्या शिस्तीला देणेघेणे नव्हते. प्रसंगी खोटी खिडकीही काढत, पण तोल सांभाळत. वेबने हे उलटे केले. आधी खोली ठरली, मग तिला उजेड कुठून आणि किती हवा हे ठरले, आणि तिथे खिडकी पडली. म्हणून बाहेर उभे राहून आतले घर बरेचसे ओळखता येते. हा खेळ मी प्रत्येक पाहुण्याकडून खेळून घेतो. जिना कुठे असेल? चित्रे काढायची खोली कोणती? बोळ कुठून जातो? आत गेल्यावर उत्तरे तपासायची.

आता एका खिडकीजवळ जा. वर टोकदार कमान आहे, चर्चला असते तशी. पण खालची खिडकी मात्र सरळ चौकटीची, वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची, म्हणजे अठराव्या शतकातल्या कुठल्याही घराला शोभेल अशी. कमान आणि चौकट यांच्या मधला भाग साध्या विटांनी भरून टाकलेला. म्हणजे कमान शोभेची नाही. वरच्या भिंतीचा भार दोन्ही बाजूंना उतरवायचे काम तिचे, आणि उजेड-वारा द्यायचे काम खिडकीचे. दोघींनी आपापले काम उघडपणे करावे, शैली जुळते की नाही ते पाहणाऱ्याने बघून घ्यावे. माझ्या मते अख्ख्या घरातली सगळ्यात धीट गोष्ट हीच आहे, आणि नेमकी तीच लोक न पाहता पुढे जातात.

ही शैली कोणती म्हणायची? गॉथिक ना?

टोकदार कमानी, उतरते छप्पर आणि मोठे खोल प्रवेशदार बघून तसे वाटते. पण गॉथिक म्हटले की डोळ्यांसमोर येतात ती नक्षीदार शिखरे, दगडातली जाळी, राक्षसतोंडी पन्हळी. इथे त्यातले काही नाही. खुद्द स्ट्रीट आणि विल्यम बटरफील्ड हे वास्तुरचनाकार त्या काळात खेड्यापाड्यांत पाद्र्यांची घरे आणि शाळा बांधत होते, साध्या विटांच्या, वेड्यावाकड्या आराखड्याच्या. वेब स्ट्रीटच्याच कचेरीत तयार झाला होता. रेड हाउस आकाशातून पडले असे सांगणारे मार्गदर्शक भेटले तर मान डोलवा आणि सोडून द्या. पाद्र्याच्या घराची भाषा वेबने एका तरुण जोडप्याच्या संसाराला लावली, एवढे म्हटले तरी त्याचे मोठेपण कमी होत नाही.

घराचा आराखडा कसा आहे?

काटकोनात वळलेला, दोन मजली. त्या काटकोनाच्या कुशीत अंगण आणि अंगणात विहीर. विहिरीवर लाकडी खांबांनी पेललेले शंकूसारखे कौलारू छत्र आहे. या घराचे छायाचित्र छापायचे म्हटले की सगळे याच विहिरीचे छापतात. अंगणाला दोन बाजूंनी घर आणि उरलेल्या दोन बाजूंना बाग, म्हणून आपल्याकडच्या माणसाला ते चटकन ओळखीचे वाटते. पण हा चौक नव्हे. चौक चारही बाजूंनी मिटलेला असतो आणि घराचा व्यवहार त्यात चालतो. इथे घर अंगणाला नुसते टेकून बसले आहे. चौथी नाही तरी तिसरी बाजू बांधायचा बेत होता, त्याचे पुढे येईल.

मोठ्या खोल्यांना ऊन का येत नाही?

प्रश्न बरोबर आहे. मुख्य खोल्यांची तोंडे उत्तरेला आहेत आणि दक्षिणेच्या उन्हाची बाजू बोळांच्या वाट्याला गेली आहे. नागपूरला हा आराखडा कुणी डोक्यावर घेतला असता. इंग्लंडमध्ये उत्तरेची खोली म्हणजे वर्षातले सात-आठ महिने गारठा. उन्हाळ्यात घर थंड राहावे असा विचार असेल, चित्रकाराला उत्तरेचा स्थिर उजेड हवा असेल, पण जेवणघर आणि दिवाणखाना थंड पडले ते पडलेच. चाळिशी उलटेपर्यंत कुठल्याही वास्तुरचनाकाराला घर बांधू देऊ नये, असे वेब पुढे म्हणत असे, अशी गोष्ट सांगतात. ते त्याने याच घराकडे बघून म्हटले असेल तर मला नवल वाटणार नाही.

आत पाहण्यासारखे काय आहे?

पुष्कळ, आणि तेही सावकाश पाहण्यासारखे.

दार उघडले की लाल फरशीचा दालनवजा भाग आणि समोर ओक लाकडाचा जिना. जिन्याचे खांब वर निमुळते होत जातात, लहानशा बुरुजांसारखे. मान वर केली तर छपराचा आतला उतार नक्षीने रंगवलेला दिसतो. ही नक्षी कशी काढली ते जवळून दिसते: गिलावा ओला असतानाच त्यात टोचून ठिपके पाडून ठेवले, आणि मग ज्याला जसा वेळ मिळाला तसा त्याने ठिपक्यांवरून रंग भरला. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. शनिवार-रविवार पाहुणे यायचे आणि त्यांच्या हाती कुंचला दिला जायचा. यजमानाची युक्ती म्हणून वाईट नाही.

दिवाणखाना वरच्या मजल्यावर. तिथे विटांची उंच चूल-भिंत आहे, धुराड्याच्या दिशेने चढत गेलेली, आणि तिच्यावर लॅटिनमध्ये 'कला चिरंतन, आयुष्य अल्प' या अर्थाचे वचन. एवढ्या प्रतिष्ठेच्या खोलीत उघडी वीट! संगमरवराची चौकट न लावता चुलीची वीट दाखवायची, हा त्या दोघांचा हट्ट घरभर दिसतो. खोलीच्या एका भिंतीला मॉरिसने आधीच्या लंडनच्या बिऱ्हाडातून आणलेले प्रचंड बाकडे-कपाट आहे. वेबने त्याच्या डोक्यावर कठडा घालून माचा केला आणि वर चढायला शिडी दिली. सणासुदीला वादकांनी वर बसून वाजवावे अशी कल्पना. माळ्यावर जायची वाटही तिथूनच. बाजूच्या भिंतींवर एडवर्ड बर्न-जोन्स या चित्रकाराने एका मध्ययुगीन प्रेमकथेतला लग्नसोहळा रंगवला. योजलेल्या सातांपैकी तीनच चित्रे पुरी झाली. मेजवानीत बसलेले राजा-राणी म्हणजे विल्यम आणि जेन.

बोळांतल्या काचांवर वेबने काढलेले पक्षी शोधा. कबुतरे, बदके, अशी साधी पाखरे, पण प्रत्येकाचे अंग वेगळे. मला ती घरातल्या सगळ्या राजाराण्यांपेक्षा आवडतात.

सामान मूळचेच आहे का?

थोडेच. जे हलवता येत नव्हते ते राहिले, बाकीचे पांगले. बर्न-जोन्सने लग्नाची भेट म्हणून रंगवलेले कपडे ठेवायचे कपाट ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. जेन आणि विल्यम यांनी निळ्या लोकरी कापडावर डेझीची फुले भरून तयार केलेले भिंतीवरचे पडदे केल्मस्कॉट मॅनर या मॉरिसच्या नंतरच्या घरी बघायला मिळतात.

उलट, ठाऊक नसलेली एक गोष्ट मात्र सापडली. २०१३ मध्ये शयनगृहातल्या मोठ्या कपाटामागे आणि कागदाच्या थराखाली भिंतीवरचे एक चित्र उजेडात आले: आदम आणि ईव्ह, हातात छोटी नौका घेतलेला नोहा, राकेल, शिडीजवळचा याकोब. पडद्यावरच्या चित्रासारखे भासावे म्हणून कापडाच्या चुण्याही रंगवल्या आहेत. मॉरिस, बर्न-जोन्स आणि त्यांच्या मित्रपरिवारातले चित्रकार रोझेटी, एलिझाबेथ सिडल, फोर्ड मॅडॉक्स ब्राउन अशा अनेकांचे हात त्याला लागले असावेत, असे जाणकार मानतात.

वाऱ्याच्या काट्यावर 'डब्ल्यू एम' का लिहिले आहे?

घरमालकाची आद्याक्षरे. सोबत घोड्याचे तोंड आणि १८५९ हा आकडा.

बागेचा एवढा गवगवा का?

कारण घर बागेसाठी वाकले आहे. जागा फळबागेची होती आणि झाडे शक्यतो न तोडता घर बसवले. शरदात उकाड्याच्या रात्री उघड्या खिडक्यांतून सफरचंदे आत पडत असत, अशी आठवण आहे. बागेचे वेताच्या कुंपणांनी लहान लहान चौकोन पाडले होते, त्यांवर गुलाब चढवले होते. १८६२ मध्ये मॉरिसने पहिला भिंतीचा कागद रेखाटला तो याच कुंपणांवरून: चौकटी, गुलाब आणि त्यात बसलेली पाखरे. पाखरे त्याला जमेनात, ती वेबने काढून दिली.

बागेकडच्या ओसरीत बसायला बाक आहे. कँटरबरीच्या यात्रेकरूंचा जुना रस्ता जवळून जातो म्हणून मॉरिसने त्या जागेला 'यात्रेकरूंचा विसावा' असे नाव दिले. तिथल्या फरशांवर 'जमेल तर' या अर्थाचे त्याचे फ्रेंच ब्रीद आहे. एवढ्या हौशी माणसाने एवढे नम्र ब्रीद घ्यावे, याची मला गंमत वाटते.

एवढे हौसेने बांधले आणि पाच वर्षांत सोडले, ते का?

घर सजवायला बाजारात धड काही मिळेना म्हणून मित्रांनी मिळून १८६१ मध्ये स्वतःचीच कंपनी काढली. काचा, फर्निचर, भरतकाम, कागद. ती कंपनी लंडनला, घर खेड्यात, स्टेशन मैलोगणती दूर. रोजच्या खेपांनी मॉरिस दमला. त्यात तांब्याच्या खाणींचे उत्पन्न घसरत चालले. तोडगा निघाला होता: बर्न-जोन्स कुटुंबासाठी घराला आणखी एक बाजू जोडायची आणि कामाची जागाही इकडेच आणायची. वेबने आराखडेही केले. पण १८६४ मध्ये बर्न-जोन्सची बायको जॉर्जियाना हिला स्कार्लेट फिव्हर हा संसर्गजन्य ताप आला, तिचे तान्हे मूल दगावले, मॉरिसला सांधेतापाने अंथरुणाला खिळवले, आणि बेत मोडला. १८६५ मध्ये मॉरिस मंडळी लंडनच्या क्वीन स्क्वेअरला गेली. पुढल्या वर्षी घर विकले. मॉरिस पुन्हा कधीच तिकडे फिरकला नाही. बघणे सोसवणार नाही, असे त्याला वाटे.

याचा मुंबईशी काही संबंध आहे का?

आहे, आणि जोडून आणलेला नाही. जॉर्जियाना बर्न-जोन्सची सख्खी बहीण अ‍ॅलिस हिने १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंगशी लग्न केले आणि त्याच वर्षी दोघे मुंबईला आले, कारण त्याला जे. जे. कला शाळेत शिकवायची नोकरी मिळाली होती. डिसेंबरात त्यांना मुलगा झाला, तो रुडयार्ड. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची शेतकरी-बाजाराची कोरीव दृश्ये लॉकवुड किपलिंगची. रेड हाउसचे बिऱ्हाड उठले त्याच वर्षी त्याच मित्रपरिवाराचे एक टोक असे मुंबईत येऊन टेकले. फोर्टात फिरताना कारागिराच्या हाताला मान देणारे कोरीवकाम दिसले की दोन्हीकडची हवा एकच होती, हे जाणवते.

'ग्रेड वन लिस्टेड' म्हणजे काय?

इंग्लंडमध्ये महत्त्वाच्या इमारतींची सरकारी यादी असते. तिची कायदेशीर घडी १९४७ च्या नगररचना कायद्याने बसली, आजचा कायदा १९९० चा. 'हिस्टॉरिक इंग्लंड' ही संस्था शिफारस करते, निर्णय मंत्र्याचा. दर्जे तीन: वन, टू-स्टार आणि टू. नव्वद टक्क्यांहून अधिक इमारती शेवटच्या दर्जात मोडतात, पहिल्या दर्जात सुमारे अडीच टक्के. रेड हाउस पहिल्या दर्जात आहे.

म्हणजे मालकाला खिळाही ठोकता येत नाही?

खिळ्यावरून कुणी तुरुंगात गेल्याचे ऐकिवात नाही. पण इमारतीचे वैशिष्ट्य बदलेल अशा कुठल्याही कामाला स्थानिक परिषदेची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेले काम फौजदारी गुन्हा ठरते. लोकांचा एक मोठा गैरसमज असा, की फक्त दर्शनी भिंत सांभाळायची असते. तसे नाही. आतला जिना, दारे, चुली, सगळे यादीत येते. या घरात १९५२ पासून वास्तुरचनाकार टेड हॉलंबी आणि त्यांचे कुटुंब राहत होते. त्यांनी ते पन्नासेक वर्षे जपले, वापरले, लोकांना दाखवले. २००३ मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेकडे आले.

जुन्या वीटकामाची दुरुस्ती कशी करतात?

चुन्याने. हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा जरा सहन करा.

जुनी भिंत भरीव असते, आत पोकळी नाही. पावसाचे पाणी ती थोडे पिते आणि वारा-ऊन मिळाले की सोडते. हे येणे-जाणे मुख्यतः विटांमधल्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून, चालते, कारण चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. झीज व्हायची ती दर्जांची होते, शंभरेक वर्षांनी दर्जा पुन्हा भरायच्या, वीट शाबूत. कुणी 'पक्के काम' म्हणून त्यात सिमेंट भरले की वाट बंद. पाणी विटेतूनच बाहेर पडू पाहते, हिवाळ्यात तिथेच गोठते, फुगते आणि विटेचे तोंड पापुद्र्यासारखे उडते. सिमेंटची दर्ज तेवढी ताठ उभी राहते आणि वीट आत खात जाते. हिमाचा भाग सोडला तर आपल्या वाड्यांतही हाच प्रकार चालतो: चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा, आणि दोन पावसाळ्यांनंतर "ओल कुठून येते कळत नाही" ही तक्रार.

मॉरिस आणि वेब यांनीच १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. जुने खरवडून नवेकोरे 'जुने' बनवू नका, गळके छप्पर वेळेवर शाकारा, पडते ते सावरा, असे तिचे सांगणे होते. ती संस्था अजून चालू आहे आणि गवंड्यांना चुन्याचे काम शिकवते.

आधुनिक वास्तुकला इथून सुरू झाली म्हणतात, ते खरे का?

हा बोलबाला जर्मन वास्तुतज्ज्ञ हेरमान मुथेसियस यांच्यापासून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी लिहिले, की आतून-बाहेरून एकसंध विचार करून बांधलेले नव्या कलासंस्कृतीचे हे पहिले खासगी घर. वास्तुकलेचे इतिहासकार निकोलाउस पेव्हस्नर यांनी ती माळ पुढे ओढून थेट आधुनिकांपर्यंत नेली. मॉरिसला हे ऐकून फेफरे आले असते, त्याचे डोळे चौदाव्या शतकाकडे लागले होते. तरी खिडकीचा मुद्दा उरतोच. आत जे आहे तेच बाहेर दिसावे, ही गोष्ट पुढच्यांनी इथून उचलली असो वा नसो, इथे ती विटांत बांधलेली आहे.

कसे जायचे?

लंडन ब्रिज, चेरिंग क्रॉस किंवा व्हिक्टोरियाहून बेक्सलीहीथची गाडी, पुढे पंधरा-वीस मिनिटे पायी. घराजवळ गाडी लावायची सोय नाही. उघडण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर पाहूनच निघा. वाटेत साधी दुमजली घरे लागतील, बरीचशी लाल विटांची. ती चुकवू नका, येताना ती वेगळी दिसतात.

लहान मुलांना न्यावे का?

न्या. बोळातले पक्षी मोजायला सांगा. मोठ्यांपेक्षा त्यांना जास्त सापडतात.